नवसाची चंदी

जिभेला हाड नसतं असं म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत. माहेरी, सासरी, बिऱ्हाडात, कुठेही मनात आलं की बोलून मोकळी. त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. एकदाच झाला, आणि तो जन्मभर पुरला. ती गोष्ट सांगायची तर आधी जनकोजीमामा सांगायला हवेत, कारण बोलले मी आणि भरलं त्यांनी.

एकोणसाठ साली आम्ही मद्रासला आलो. माझे यजमान रत्नाकर रेल्वेत कारकून, कचेरी तांबरमला. सैदापेटला एका गल्लीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. मी सातारकडची, पालच्या खंडोबाच्या पंचक्रोशीतली. तमिळचा एक शब्द येत नव्हता. हे सकाळी गाडीने गेले की संध्याकाळपर्यंत मी भिंतींशी बोलायची. तिसऱ्या दिवशी नळावर उभी होते, तर समोरच्या ओट्यावरून एक उंच, वाळका म्हातारा मला म्हणाला, "पाणी सकाळीं पांचलाच येतें, बाई. भरून ठेवीत जा." मी कळशी खाली ठेवली आणि तिथेच रडले. पणजोबांच्या तोंडची असावी तशी ती मराठी, आणि हेल मात्र अस्सल मद्राशी.

तेच जनकोजीमामा. तंजावरकडचे मराठे. त्यांचे पूर्वज राजाच्या पागेत होते असं ते सांगत. तंजावरचा जो भेटेल तो हेच सांगतो. मग पायी कोण चालत होतं, असं मी एकदा विचारलं, तर तुळसीमामी, म्हणजे त्यांची बायको, तोंडाला पदर लावून हसली आणि मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. लेकरूबाळ त्यांना नव्हतं. घर, कॉफी आणि घोडी, एवढाच त्यांचा संसार.

गिंडीच्या अलीकडे, रेल्वेलायनीला लागून, घोड्यावर बसायला शिकवणारी एक खासगी शाळा होती. बँकेतले साहेब, वकील, कॉलेजातली मुलं सकाळी तिथे रपेट करायला येत. चौदा घोडी होती. बावीस वर्षं त्यांची चंदी मामांच्या हाती होती. चंदी म्हणजे घोड्याचा रोजचा दाणा. मामांच्या कंबरेला दाण्याच्या कोठीची किल्ली असे, ती झोपतानाही सुटत नसे. कुळीथ शिजवायचे ते त्यांनी, निववायचे त्यांनी, कोंडा आणि मीठ घालून प्रत्येक घोड्याच्या तोबऱ्यात मापाने भरायचे तेही त्यांनीच. वेलचेरीच्या तळ्याकाठची हरळी डोक्यावर घेऊन बायका यायच्या, ती मामा मूठमूठ उलगडून बघायचे. पावसामुळे घोडी नुसती उभी राहिली की दाणा निम्मा. फार पळाली की लगेच जास्त नाही, आधी पाणी, मग गवत, मग दाणा. मी कधी तरी चेष्टेने म्हणायची, मामा, मामीने भात वाढला तरी तुम्ही मापाने मोजाल. ते हसत नसत. म्हणत, "घोड्याच्या पोटांत असेल तें पायांत येतें, बाई. माणसाचें तोंडांत येतें." हे दुसरं माझ्यासाठी असे.

त्या चौदांत एक पांढरी घोडी होती. शाळेच्या वहीत तिचं नाव सिल्व्हर, पण सगळे वेळ्ळी म्हणत, तमिळमध्ये तेच. स्वभावाने इतकी गरीब की नवशिक्याला पहिल्या दिवशी तिच्यावरच बसवत. मामा रोज पहाटे तिला अड्यार नदीच्या काठापर्यंत चालवून आणत आणि परतताना आमच्याच गल्लीतून येत. समोरच्या करंजाला तिला बांधायचं, ओट्यावर बसून तुळसीमामीच्या हातची कॉफी प्यायची, आणि मग शाळेत जायचं. वर्षानुवर्षांचा हा शिरस्ता. पाव तासाचा खेळ.

आता माझं सांगते. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोनदा माझी कूस रिकामी झाली होती. दुसऱ्या वेळी सहावा महिना होता. त्यावर मी अधिक बोलणार नाही. एकसष्ट सालच्या आश्विनात आईचं पत्र आलं: पालच्या खंडोबाला तुझ्यासाठी बोलले आहे, देवाच्या घोड्याला सव्वा महिना भिजवलेले हरभरे आणि गूळ घाल, चंपाषष्ठीला पुरं कर. आता मद्रासला खंडोबाचं देऊळ कुठून आणू? आणि डोळ्यांसमोर रोज सकाळी देवाची असावी तशी पांढरीशुभ्र घोडी करंजाखाली उभी. मी मामांना विचारलं. ते हात जोडून म्हणाले, "आमचाही तोच कुळस्वामी. घाला." आणि दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन गेले तेव्हा त्यांनी घोडीकडे पाठ केली आणि ते भिंतीकडे तोंड करून कॉफी पीत बसले. मला वाटलं, बायकांत कशाला बघायचं म्हणून असेल.

मी ओंजळ भरून हरभरे घातले, वर गुळाचा खडा. घोडीने माझा तळहात चाटूनपुसून स्वच्छ केला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. चार दिवसांत गल्लीतल्या दोन तंजावरी घरांतल्या बायका ताटं घेऊन आल्या, त्यांच्याही देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता. मग तमिळ बायका आल्या, त्यांच्या अय्यनार या ग्रामदेवालाही घोडं लागतंच. कोणाला नोकरी हवी होती, कोणाच्या मुलीचं जमत नव्हतं. पंधरा दिवसांत आम्ही नऊ जणी झालो. प्रत्येकीला वाटे, मी घालते तेवढंच.

त्या वर्षी पाऊस आडवातिडवा लागला होता. शाळेचं रिंगण पाण्याखाली, घोडी ठाणबंद. मामांनी नेमाप्रमाणे सगळ्यांचे कुळीथ निम्मे केले. तेरा घोडी सुस्तावली. वेळ्ळी मात्र आतल्या आत पेटल्यासारखी झाली. खरारा करताना दात दाखवू लागली, जीन घालताना पोट फुगवू लागली, वाऱ्याने उडालेल्या कागदाला बिचकू लागली. मामा बुचकळ्यात पडले. आणि एका बुधवारी, पाऊस उघडला तसा, विजयकुमार नावाचे बँकेतले एक अधिकारी तिच्यावर बसले. लायनीवरून तांबरमची गाडी गेली. ही गाडी तिने आयुष्यात हजारदा ऐकली होती. त्या दिवशी ती उधळली, कुंपणाला घासून पळाली, आणि विजयकुमार खांद्यावर आपटले. गळ्याजवळचं हाड मोडलं.

शाळेचे सेक्रेटरी कृष्णस्वामी म्हणून होते. पूर्वी फौजेत होते. माणूस कठोर, पण वाकडा नव्हता. त्यांनी मामांना बोलावून सांगितलं की, माणूस पाडणारं घोडं शाळेत ठेवता येत नाही, आणि असलं घोडं विकणं म्हणजे दुसऱ्याचा जीव विकणं. डॉक्टरांना बोलावून गोळी घालायची. मामांनी मुदत मागितली. पुढच्या आठवड्यातल्या रविवारची मुदत मिळाली. कृष्णस्वामी स्वतः तिच्यावर बसणार, लायनीच्या कडेला गाडी येईपर्यंत उभं करणार. शांत राहिली तर जगली. आणि जगली, तर मग हे झालं कशाने याचा जाब मामांनी द्यायचा. हे सगळं मला तुळसीमामीने सांगितलं. मामा घरी येऊन जेवलेच नव्हते.

पुढचे दिवस मामा झपाटल्यासारखे वागत होते. घोडीचे दात तपासले, पाठ दाबून बघितली, जिनाच्या तंगाचं चामडं उलटंपालटं केलं, नाल काढून पुन्हा ठोकले. काही सापडलं नाही. मी खिडकीतून बघायची. सकाळी घोडी करंजाखाली येतच होती आणि आमची ताटंही जातच होती. तिचे डोळे मोठे झाले होते आणि ती उभ्या जागी पाय बदलत राही. मला काही कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं, असं आता म्हणते.

रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. ओट्यावर मामा मामीला काही दाखवत होते. तळहातावर मूठभर पिवळट सालं. वेळ्ळीच्या लिदीत सापडलेली. शाळेत हरभरा येतच नाही, फक्त कुळीथ. मामीने विचारलं, बायका नवसाचे घालतात तेच ना हे? मामा म्हणाले, "ते चार दाणे. चार दाण्यांनीं एवढीं सालें येत नाहींत. पागेंत कोणी तरी चोरून घालतो आहे." मग ते उठले, आणि पागेतल्या माणसांवर पाळत ठेवायला निघून गेले.

माझ्या हातातला पिळा तसाच राहिला. चार दाणे! मी एकटीच ओंजळभर घालत होते.

त्याच क्षणी मी ओरडून सांगायला हवं होतं. जिला ताकाला जाऊन भांडं लपवायला येत नाही असं सगळे म्हणत, ती मी, गप्प बसले. का, तेही सांगते. नवसाचे एकोणतीस दिवस झाले होते, नऊ उरले होते. मोडला तर? तिसऱ्यांदा माझं पोट रिकामं झालं तर? घोडी काय, आज ना उद्या शांत होईल, असं मी मनाला सांगितलं. सोमवारी गेले, मूठभरच घातले. मंगळवारीही मूठभर. बाकीच्या आठ जणींची ताटं भरलेली होती, त्यांना मी काही बोलले नाही. रात्री यांनी विचारलं, आज घरात इतकी शांतता कशी? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

मंगळवारी आम्ही घरात वळतो न वळतो तोच कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. वेळ्ळी मागच्या पायांवर उभी राहिली. दोर तुटला. मामांच्या हातून कॉफीचा पेला पडला आणि त्यांनी धावत जाऊन तिचा गळपट्टा धरला. तिने त्यांना तसंच फरफटत नेलं. पुढे एक बाई वाकून दारात कोलम, म्हणजे तिकडची पिठाची रांगोळी, काढत होती. ती पिठाची वाटी टाकून गटारात उडी मारून वाचली. सात-आठ घरं ओलांडल्यावर मामांनी घोडीचं तोंड भिंतीकडे वळवलं, तेव्हा ती थांबली. मामांचं धोतर गुडघ्याशी फाटून रक्ताने माखलं होतं. ते घोडीच्या मानेवर हात फिरवत होते आणि तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. तिला ते एकदाही रागावले नाहीत.

तुळसीमामी त्यांच्या गुडघ्यात हळद भरत होती तिथे मी गेले.

"मामा, चार दाणे नाहीत," मी म्हटलं. "आम्ही ओंजळीने घालतो. नऊ जणी."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते मला दारातून हाकलतील. बरं झालं असतं. त्यांनी मामीकडे घरातली पडी मागितली. पडी म्हणजे तिकडचं धान्य मापायचं पितळी माप. मग सगळ्यांना बोलवा म्हणाले. आम्ही नऊ जणी ओट्यापुढे उभ्या राहिलो आणि प्रत्येकीने, रोज घालते तेवढेच, देवाशपथ, असं म्हणत आपापले हरभरे त्या मापात ओतले. पाचवीला माप भरलं. मामांनी ते मामीच्या सुपात रिकामं केलं आणि पुन्हा पुढे धरलं. नववी आली तेव्हा दुसरं माप काठोकाठ झालं होतं. गूळ वेगळा. एवढं सगळं एका घोडीच्या पोटात, तेही ती दिवसच्या दिवस ठाणावर नुसती उभी असताना. एक जण रडू लागली.

मामा मापाकडे बघत म्हणाले, "मी रात्रीं तिची चंदी निम्मी करीत होतों. तुम्हीं सकाळीं दुप्पट करीत होतां. देवाला दिलेलें मोजूं नये अशी आमच्या घरची रीत. म्हणून मी पाठ केली." माप खाली ठेवून म्हणाले, "बावीस वर्षांत एवढेंच एक मोजलें नाहीं."

मग मला कळलं की ते भिंतीकडे तोंड करून का बसत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

नवस मोडू देणार नाही असंही त्यांनीच सांगितलं. उरलेले दिवस प्रत्येकीने हरळीची पेंडी द्यायची, ते स्वतः घोडीला नेऊन घालतील. एक जण कुरकुरली, हरळीने देव पावतो का? तिला मी सरळ करणार तेवढ्यात मामाच म्हणाले, "खंडोबाचें घोडें महाराष्ट्रांतून तंजावरास गवत खातच आलें, अम्मा. हरभऱ्याचीं पोतीं घेऊन नव्हे." त्यानंतर कोणी कुरकुरलं नाही. मग त्यांनी मला एकटीला बाजूला घेऊन बजावलं की शाळेत कोणी काही बोलायचं नाही. चंदी चुकली एवढंच ते सांगतील. मला वाटलं, आम्हा बायकांवर आळ येऊ नये म्हणून म्हणताहेत. किती थोर माणूस, असं मी यांना रात्री सांगितलं आणि खूप रडले.

पाच दिवस उरले होते. मामांनी वेळ्ळीचा दाणा पूर्ण तोडला. फक्त हरळी, वाळलेलं गवत, मिठाचा खडा आणि पाणी. पहाटे दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, दुसऱ्या वाटेने, नदीच्या वाळूत ते तिला चालवत. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता, तरी चालवत. बुधवारी ती तशीच फुरफुरत होती. गुरुवारी तिने त्यांचा सदरा दातांनी फाडला. मी रोज सकाळी हरळी द्यायला जायची आणि मामीच्या तोंडाकडे बघायची. शुक्रवारी मामी म्हणाली, काल रात्री ती घोडी आडवी होऊन झोपली म्हणे, महिनाभरानंतर. शनिवारी मामांनी जरा भात खाल्ला.

"उतरली का हो?" मी विचारलं.

"उतरते आहे. उद्यां किती उतरली असेल तें तिलाच ठाऊक."

रविवारी मी आणि तुळसीमामी शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिलो. आभाळ उघडलं होतं. बाकावर घोड्यांचे डॉक्टर बसले होते आणि त्यांच्या शेजारी चामड्याची एक लांबट पेटी होती. ते कॉफी पीत होते. मला त्या माणसाचा भयंकर राग आला; त्याचा काही दोष नव्हता हे मला आज कळतं.

कृष्णस्वामी वेळ्ळीवर बसले. माणूस वजनदार. त्यांनी तिला आधी पायी, मग दुडकीने तीन फेऱ्या नेलं. ती जरा ताठ होती, पण चालली. मामा रिंगणाच्या मधोमध हात मागे बांधून उभे होते. मग कृष्णस्वामींनी तिला लायनीच्या बाजूला आणलं, कुंपणापासून दहा हातांवर, आणि थांबवलं. आणि लगाम सैल सोडला. मामीने माझं मनगट धरलं, तिची नखं रुतली.

गाडी गिंडीहून निघाल्याची शिटी ऐकू आली. घोडीचे कान ताठ झाले. रूळ वाजू लागले. तिच्या खांद्यावरची कातडी थरारली आणि तिने पुढचा एक पाय उचलला. कृष्णस्वामींनी लगाम ओढला नाही. डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. गाडी धडधडत आली, डब्यांमागून डबे, खिडक्यांतून माणसं आमच्याकडे बघत होती. मी डोळे मिटले. येळकोट म्हणायचं तेही मला सुचलं नाही. धडधड लांब गेली तेव्हा मामी म्हणाली, "बघ." मी बघितलं. वेळ्ळीने उचललेला पाय होता तिथेच खाली ठेवला होता. एक कान गाडीकडे होता, एक मामांकडे. तिने मान खाली घालून नाक फुरफुरवलं आणि कुंपणाखालचं गवत हुंगू लागली.

डॉक्टर पेटी घेऊन निघून गेले. मामांनी घोडीचं डोकं छातीशी धरलं होतं. कृष्णस्वामी खाली उतरून त्यांच्याशी बोलू लागले. चेहरा शांत होता, पण जाब चालू आहे हे दिसत होतं. मामा मान खाली घालून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असावेत. आणि मला राहवलं नाही. या माणसाने आमच्यापायी गुडघा फोडून घेतला, घोडी वाचवली, आणि वर आमचं पाप आपल्या माथी घेतो आहे? मामीने पदर ओढला, मी तो हिसडून सोडवला आणि फाटकातून आत गेले.

कृष्णस्वामींना फौजेतली हिंदुस्तानी येत होती, मलाही मोडकीतोडकी येत होती. मी सगळं सांगितलं. नवस, हरभरे, नऊ बायका, दोन पडी. म्हटलं, साहेब, जनकोजीमामांचा यात काडीचा हात नाही. मामा म्हणाले, "बाई, पुरें." मी ऐकलं नाही.

कृष्णस्वामींनी शांतपणे विचारलं, घोडी तेव्हा कुठे असायची? मी म्हटलं, आमच्या गल्लीत, करंजाला बांधलेली. दोर कोणाच्या हातात? मी म्हटलं, कोणाच्याच नाही. जनकोजी कुठे असत? आणि मी, अगदी छाती पुढे काढून, त्यांची निर्दोषता सिद्ध करायला, म्हटलं, "समोर ओट्यावर कॉफी पीत. घोडीकडे पाठ करून. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही."

बोलल्यावर मला कृष्णस्वामींचा चेहरा दिसला. मग मामांचा. मामांनी डोळे मिटले होते.

कृष्णस्वामी मला म्हणाले, "चंदीची चूक मी पोटात घातली असती. बावीस वर्षांत एक चूक कोणाची होत नाही? पण भररस्त्यात घोडं बांधून पाठ फिरवणारा माणूस मी ठेवू शकत नाही. उद्या एखादं पोर त्याच्या पायाखाली गेलं तर?" त्यांचा आवाज चढला नव्हता. मला मंगळवारची कोलम काढणारी बाई आठवली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. जन्मात पहिल्यांदा.

मामांनी कंबरेची किल्ली सोडली. गाठ जुनी झालेली, सुटायला वेळ लागला. ती त्यांनी कृष्णस्वामींच्या हातात ठेवली आणि त्यांना सांगितलं की वेळ्ळीला आठ दिवस दाणा देऊ नका, मग मूठमुठीने वाढवा. नमस्कार केला. आणि आम्ही तिघं पायी घरी आलो. वाटेत मी त्यांच्या पायावर पडायला गेले तर त्यांनी मला मधेच थांबवलं. "रडूं नका, बाई," म्हणाले. "तुम्हीं खरें तेंच बोललांत." त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत दिली असती तर मी सुटले असते.

मंगळवारी चंपाषष्ठी झाली. नवस पुरा झाला. पुढच्याच्या पुढच्या वर्षी मला मुलगी झाली, धडधाकट. खंडोबाने दिली की तिला यायचंच होतं म्हणून आली, देव जाणे. बारशाला तिचं नाव तुळसीमामीच्या कानात आधी सांगितलं. मामांनी तिच्यासाठी लाकडाचा घोडा केला होता. त्याच्या तोंडाला एवढासा तोबरा शिवला होता, आणि तो रिकामा होता.

मामा त्यानंतर नऊ वर्षं जगले. सैदापेट स्टेशनावरचे जटकेवाले, म्हणजे तिकडचे टांगेवाले, त्यांच्याकडे यायचे, घोडं अडतंय, चावतंय, खात नाही. मामा आधी लीद दाखव म्हणायचे. मग काय घालतोस, कधी घालतोस, किती घालतोस. निम्म्या घोड्यांचा रोग तिथेच निघायचा. फुकट सांगायचे. मी एकदा म्हटलं, मामा, देवाला दिलेलं मोजू नये ना? ते म्हणाले, "देवाला द्या. घोड्याला मोजून द्या." त्यात कडवटपणा नव्हता. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मीच तेव्हापासून बोलायच्या आधी थांबते, म्हणजे थांबायचा प्रयत्न करते.

एक राहिलं. शाळेने नवा माणूस ठेवला. तो वेळ्ळीला पहाटे नदीवर नेऊन आमच्याच गल्लीतून परत न्यायचा, दुसरी सोयीची वाट नव्हती. पहिल्या दिवशी मामा नेहमीच्या वेळी ओट्यावर कॉफी पीत बसले होते. घोडीने त्यांना बघितलं, आणि करंजापाशी येऊन उभी राहिली. त्या माणसाने ओढलं, ती हलेना. त्याने छडी उगारली. मामा अर्धवट उठले होते, ते खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून टापा ऐकू आल्या की मामा घोडीकडे पाठ करत आणि भिंतीकडे तोंड करून कॉफी पीत बसत. घोडी करंजापाशी क्षणभर थांबे. मग पुढे जाई.